रास्पबेरी पाय ३ पुरेल, पण कशासाठी?

घरात पडून असलेला रास्पबेरी पाय ३, म्हणजे तो एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, ऑफिसच्या नेटवर्कवर नजर ठेवायला चालेल का, असं तुम्ही विचारलंय. राउटर, प्रिंटर, कॅमेरे चालू आहेत की बंद एवढंच पाहायचं असेल तर बिनधास्त लावा. पिंग (यंत्र उत्तर देतंय का ते पाहणं) आणि एसएनएमपी (यंत्राला त्याची स्थिती विचारायची पद्धत) यांना तो भरपूर झाला. सगळं ट्रॅफिक तपासायचं असेल तर मात्र नको. पाय ३ च्या ३बी मॉडेलचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं, तेही यूएसबी २.० वरून जातं. ३बी प्लसवर गिगाबिट (१००० एमबीपीएस) लिहिलंय, पण मिळतात जेमतेम ३००. खरं गिगाबिट २०१९ च्या पाय ४ पासून. शिवाय पोर्ट मिररिंगवाला, म्हणजे इतर पोर्टवरच्या ट्रॅफिकची प्रत एका पोर्टवर पाठवणारा, स्विच हवाच, नाहीतर बाकीच्या मशीनचं ट्रॅफिक पायपर्यंत पोचतच नाही.

आणि लॉग (साठत जाणाऱ्या नोंदी) यूएसबी एसएसडीवर ठेवा, कळकळीने सांगतोय. सततच्या लिहिण्याने माझं मेमरी कार्ड आठ महिन्यांत गेलं, जुने सगळे आलेख घेऊन.