अमेंडमेंट आणि रिव्हिजन, मराठीत दोन्हीला 'दुरुस्ती'च का?

पिंपळपान: कॅलिफोर्नियातल्या समलिंगी विवाहाच्या केसवर लेख लिहितेय, ५ मार्च २००९ ची सॅन फ्रान्सिस्कोमधली सुनावणी, राज्याच्या सुप्रीम कोर्टापुढची. सगळा वाद एकाच मुद्द्यावर, प्रपोझिशन ८ (लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच, असं राज्याच्या घटनेत घालणारा, मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) ही अमेंडमेंट की रिव्हिजन. मी दोन्हीकडे घटनादुरुस्ती लिहीत गेले आणि वाक्य झालं 'ही घटनादुरुस्ती आहे की घटनादुरुस्ती?' रिव्हिजनला उजळणी तर म्हणता येणार नाही. सुचवा काहीतरी.

खडूफळा: पुनरीक्षण. सरकारी शब्द आहे, चालेल.

पिंपळपान: त्याने कागद तपासायला घेतल्यासारखं वाटतं हो.

रविवारकर: आधी फरक कुठे पडतो ते बघा, मग शब्द आपोआप सुचेल. मे २००८ मध्ये याच कोर्टाने ४-३ ने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला, आणि नोव्हेंबरात प्रपोझिशन ८ साधारण ५२ टक्के मतांनी पास होऊन तो गेला. तिकडे अमेंडमेंट असेल तर सह्या गोळा करा, मतदानाला टाका, साधं बहुमत मिळालं की झालं काम. रिव्हिजनला मात्र आधी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लागतात किंवा मग घटना परिषद बोलवावी लागते, आणि त्याच्यावर परत मतदान. म्हणून विरोधकांचं म्हणणं की अल्पसंख्याकांचा समानतेचा हक्क काढून घेणं ही रिव्हिजनच, नुसत्या सह्या आणि बहुमतावर करताच येणार नाही. थोडक्यात खिडकी बदलायची की पिलर पाडायचा. मी 'दुरुस्ती' आणि 'फेररचना' म्हणेन.

खडूफळा: म्हणजे आपलं केशवानंद भारतीच की! १९७३, १३ न्यायाधीश, ७-६ ने निकाल की संसद घटनेची मूलभूत चौकट बदलू शकत नाही. मग सरळ 'मूलभूत चौकटीत बदल' लिहा ना.

रविवारकर: नको, वाचक गंडेल. आपल्याकडे चौकटीला धक्का लागला की संसदेने दोन तृतीयांशाने केलेली दुरुस्तीसुद्धा टिकत नाही. तिकडे फेररचनेला बंदी नाहीये, फक्त रस्ता लांबचा आहे. शिवाय तिकडचं कोर्ट मुख्यतः राज्यकारभाराची मूळ घडी बदलते का ते बघतं. २६ मे २००९ चा निकाल ६-१ त्याच अंगाने गेला. कोर्टाच्या मते डोमेस्टिक पार्टनरशिपमधले (लग्न न करता जोडपं म्हणून सरकारी नोंदणी) हक्क शाबूत आहेत, काढलंय ते 'मॅरेज' हे नाव, म्हणून ही दुरुस्तीच. न्यायाधीश मोरेनो एकटे विरोधात. समानतेला असा अपवाद केला की गाभाच बदलला, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर तेच पटतं, नाव एवढं किरकोळ असतं तर ते काढायला मतदान कशाला घेतलं असतं?

चकलीचा_सोऱ्या: मग लेखात 'मॅरेज'ला लग्नच ठेवा आणि डोमेस्टिक पार्टनरशिपला 'नोंदणीकृत सहजीवन' वगैरे. दोन्हीला विवाह म्हणालात तर कोर्टात भांडण कशावरून चाललंय तेच कळणार नाही. आणि रजिस्टर लग्न तर अजिबात नको, आपल्याकडे ते पूर्ण लग्नच असतं.

पिंपळपान: फेररचना घेतली, सहजीवनही. अजून एक, मे २००८ चा निकाल आणि प्रपोझिशन ८ यांच्या मधल्या काळात लागलेल्या सुमारे १८,००० समलिंगी लग्नांचं काय? प्रपोझिशनच्या बाजूचे वकील केनेथ स्टार म्हणत होते की तीही मान्य करू नका. कोर्टाने ती राखली. इथे 'रद्द झाली नाहीत' की 'वैध राहिली'?

चकलीचा_सोऱ्या: वैध राहिली. रद्द म्हटलं की घटस्फोटाच्या आसपासचं काहीतरी वाटतं. आणि कारण एका वाक्यात टाका, नवीन कलम पूर्वलक्षी नाही.

खडूफळा: पूर्वलक्षी पेपरवाले सारखं लिहितात पण समजतं किती जणांना? 'आधीच्या लग्नांना लागू नाही' लिहा की सरळ.

पिंपळपान: हे बेस्ट. तसंच टाकते.