मदत हवी आहे: गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढावेत का? स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो?

नमस्कार. माझे वय ४६ असून मी सांगलीत राहते आणि गेली अठरा वर्षे मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचे काम करते. पुढच्या आठवड्यात मला डॉक्टरांना एक निर्णय कळवायचा आहे. त्याआधी या विषयाची माहिती असणाऱ्यांचे आणि स्वतः यातून गेलेल्या मैत्रिणींचे म्हणणे समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

वर्षभरापासून माझी पाळी कधी वीस दिवसांनी, तर कधी दोन महिन्यांनी येते आणि आली की आठ-दहा दिवस अंगावरून खूप जाते. हिमोग्लोबिन ९.२ वर आले आहे. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची, म्हणजे कर्करोगाची नसलेली, ४ सेंटीमीटरची एक गाठ दिसली. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला, त्यात काळजीचे काही निघाले नाही. माहेरी किंवा आईच्या माहेरी कोणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झालेला नाही. डॉक्टरांनी पिशवी काढण्याचा सल्ला दिला आणि त्याच वेळी दोन्ही अंडाशयही काढून टाकू, नाहीतरी पाळी आता जायचीच आहे, पुढे कटकट नको, असे सांगितले. मी अडले आहे ती या दुसऱ्या वाक्यापाशी.

याचे कारण असे की, गेल्या काही महिन्यांत माझ्या डोक्याचेच काही खरे राहिलेले नाही. मार्चमध्ये सौदे भरात असताना कवलापूरच्या एका शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, करायला घेतली. हे गृहस्थ पंधरा वर्षे आमच्याकडेच हळद घालतात, मी त्यांना आण्णा म्हणते, त्यांच्या मुलीच्या लग्नाला जाऊन आले आहे; आणि नावाच्या ओळीवर पेन टेकवून मी तशीच थांबले, कारण त्यांचे आडनाव काही केल्या आठवेना. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी स्वतःच हळू आवाजात नाव सांगितले, आणि त्यांनी ते ज्या समजुतीने सांगितले त्यानेच मला अधिक रडू आले. त्याच आठवड्यात मी ४७ पोत्यांची ७४ पोती लिहिली होती; तोलाईची चिठ्ठी हमालाने पुन्हा पाहिली म्हणून चूक वेळेत सापडली. रात्री दोन-अडीचला अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन घामाने जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. घरी सगळे म्हणतात की झोप नाही म्हणून विसरतेस. तेही खोटे नसावे.

मी जे वाचले त्यातून एवढे कळले की इस्ट्रोजेन हे संप्रेरक केवळ पाळीपुरते नसते. मेंदूत जिथे आठवणी घडतात त्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि लक्ष, नियोजन सांभाळणाऱ्या पुढच्या भागातही त्याचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणाऱ्या जागा, असतात, आणि मेंदूच्या पेशी साखरेचा इंधन म्हणून जो वापर करतात त्याच्याशीही त्याचा संबंध आहे. अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या ‘स्वान’ या मोठ्या पाहणीतून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पाळी जाण्याच्या संक्रमणकाळात नवे शिकून लक्षात ठेवण्याचा वेग मंदावतो, पण पाळी पूर्ण गेल्यानंतर तो पुन्हा सुधारतो. हे वाचून मला बराच धीर आला होता.

परंतु हा दिलासा आपोआप पाळी जाणाऱ्या बाईसाठी आहे. तिथे संप्रेरके काही वर्षांत चढउतार होत कमी होतात; अंडाशय काढले की ती एकदमच खाली येतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या २००७ च्या अभ्यासात, पाळी जाण्याआधी अंडाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढे विस्मरण आणि डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका जास्त आढळला, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वय जितके कमी तितका धोका अधिक होता.

आपल्याकडे ‘पिशवी काढली’ एवढेच म्हणतात आणि अंडाशय ठेवले की काढले, हे पुष्कळ बायकांना ठाऊकच नसते. माझ्या थोरल्या जाऊबाई वाळवा तालुक्यात गावी असतात. त्यांची शस्त्रक्रिया त्यांच्या ३८ व्या वर्षी झाली, आज त्या ५१ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात मी मुद्दाम त्यांचे जुने डिस्चार्ज कार्ड मागितले. रेशन कार्डाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या त्या कागदावर ‘टीएएच विथ बीएसओ’ असे लिहिले होते, म्हणजे गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही काढले होते. तेरा वर्षे त्यांना कोणी हे सांगितले नव्हते, ना कोणते औषध दिले होते. ‘मी तेव्हापासून अशी झाले गं,’ एवढेच त्या म्हणाल्या. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या अशा शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली, शासनाने समितीही नेमली. आमच्या घरातला हा कागद मात्र कोणी उघडून पाहिला नव्हता.

आता माझे प्रश्न. गाठ एवढीच असताना आणि घरात कर्करोगाचा इतिहास नसताना अंडाशय ठेवून केवळ पिशवी काढा, असे सांगितले तर ते चालते का? की पिशवीही न काढता, आत बसवायची संप्रेरक सोडणारी तांबी आधी वापरून पाहावी? ती कोणी बसवली असल्यास रक्तस्राव खरोखर आटोक्यात आला का, आणि किती महिन्यांनी? अंडाशय काढावेच लागले, तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरके बाहेरून घ्यावीत, असे मी वाचले. पण २००३ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात संप्रेरकांनी डिमेन्शियाचा धोका वाढल्याचे सांगून दुकानातल्या एका बाईंनी मला घाबरवले आहे. त्या अभ्यासातील स्त्रिया ६५ वर्षांच्या पुढच्या होत्या, तेव्हा तो निष्कर्ष ४६ वर्षांच्या बाईला लावता येतो का, हे कोणी डॉक्टरांनी उलगडून सांगावे.

आणखी एक. माझे बी-१२ जीवनसत्त्व कमी, १६८ आले असून इंजेक्शने सुरू आहेत, लोहाच्या गोळ्याही चालू आहेत. थायरॉइड ठीक आहे. हे विस्मरण पाळीचे की बी-१२ आणि कमी रक्ताचे, हे वेगळे कसे ओळखायचे, आणि ही कमतरता भरून निघेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलणे योग्य ठरेल का?

येत्या मंगळवारी दुसरे मत घेण्यासाठी मिरजेला वेळ घेतली आहे. सोनोग्राफी आणि रक्ताचे अहवाल बरोबर नेणार आहे, आणि जाऊबाईंनाही नेणार आहे, कार्डासकट. त्यांच्यासाठी आता, तेरा वर्षांनी, कोणत्या तपासण्या विचाराव्यात, हेही कृपया सुचवावे.