बिस्किट म्हणजे 'दोनदा भाजलेलं', मग बेकरीत दोनदा भाजतात ते टोस्ट कसं?

कटिंगचहा
बिस्किट या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ 'दोनदा भाजलेलं' असा आहे म्हणे. पण मारी, ग्लुकोज, अगदी आपली नानखटाईसुद्धा एकदाच भाजतात. उलट मुंबईच्या बेकऱ्यांत जो पाव कापून पुन्हा भट्टीत जातो, त्याला आपण टोस्ट म्हणतो. ही अदलाबदल कशी? आणि ते टोस्ट घरच्या ओव्हनमध्ये केले तर बाहेरून लाल आणि मध्ये चिवट का राहतात?

शब्दखोर
लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा, 'कॉक्टुस' म्हणजे शिजवलेलं. जुन्या फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आलं. इटालियन 'बिस्कोत्ती' त्याच घरातलं, आणि जर्मन 'त्स्वीबाक'चा अर्थही नेमका तोच. इंग्रज पूर्वी उच्चाराप्रमाणेच 'बिस्केट' लिहीत. पुढे स्पेलिंग फ्रेंचांचं घेतलं आणि उच्चार जुनाच ठेवला. शाळेत पोरं त्या 'यू'ला अडखळतात ती यामुळे.

दुसऱ्यांदा भाजायचं ते चवीसाठी नव्हे, टिकवण्यासाठी. ब्रिटिश आरमारात खलाशाला रोज एक पौंड बिस्किट मिळे: पीठ, पाणी, थोडं मीठ, बस्स. पाणी इतकं कमी की बुरशी धरत नसे, सोंडे मात्र व्हायचे. पुढे साखर आणि लोणी आलं, पीठ पातळ लाटायला लागले आणि एका भाजण्यातच काम भागलं. कृती बदलली, नाव राहिलं. अमेरिकेत तर बिस्किट म्हणजे बेकिंग पावडर घातलेला मऊ पाव. आपल्या बिस्किटाला ते 'कुकी' म्हणतात, तो शब्द डच.

'टोस्ट'चं मूळही लॅटिनच, भाजून कोरडं करणं अशा अर्थाचं. तेव्हा बेकरीवाला काही चुकत नाही.

भट्टीवाला
चिवटपणाचं कारण घाई. पाव गरम असताना कापला तर आतला गर दबून गच्च होतो आणि त्यातलं पाणी पुढे निघत नाही.

मैदा 500 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 6 ग्रॅम, साखर 70, मीठ 8, मऊ लोणी 50, कोमट दूध-पाणी मिळून साधारण 300 मिली, हवी तर वेलची. दहा-बारा मिनिटं चांगलं तिंबा, दुप्पट फुगू द्या. लांबट साच्यात घालून पुन्हा फुगवा आणि 180 अंशांवर 35 मिनिटं भाजा. मग रात्रभर जाळीवर. दुसऱ्या दिवशी करवती सुरीने 12 ते 15 मिलिमीटरचे काप करा. जाड केलेत तर मधला भाग कधीच वाळत नाही.

काप एकमेकांना न चिकटवता मांडा. 150 वर 20 मिनिटं, उलटून 15, मग 110 वर आणखी 20. ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि काप आतच गार होऊ द्या. रंग शेवटी आलेला बरा. सुरुवातीलाच 200 वर गेलात की वरची बाजू लाल होते आणि आत ओल कोंडते. साखर 100 ग्रॅमच्या वर नेऊ नका, रंग आणखी लवकर चढतो. ओव्हनचा पंखा चालू असेल तर तापमान 15-20 अंशांनी उतरवा.

कटिंगचहा
आणि पावसाळ्यात? इथे जुलैत काहीही तासाभरात सादळतं.

शब्दखोर
त्यावरून आठवलं. जाफा केक (संत्र्याची जेली आणि वर चॉकलेट असलेला छोटा स्पंज) हा केक की बिस्किट, हा करवाद 1991 मध्ये ब्रिटनच्या व्हॅट न्यायाधिकरणापुढे होता. विचारात घेतलेला एक मुद्दा: शिळा केक कडक होतो, शिळं बिस्किट मऊ पडतं. ठरला केक.

भट्टीवाला
सादळलेले टोस्ट 120 वर दहा मिनिटं ठेवा. काढल्या काढल्या मऊ लागतील, गार झाल्यावर कुरकुरीत होतात, म्हणून लगेच जास्त भाजू नका. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावायचा नाही, नाहीतर स्वतःच्याच वाफेने ओलावतात. आणि डबा गॅसच्या ओट्यापासून लांब.