टेस्टिंग पासची दहाही कुपनं संपवली, तरी पैसे वसूल झाले नाहीत

पैठणगेट

फेब्रुवारीत आपल्याकडे, छत्रपती संभाजीनगरात, बीड बायपासवरच्या एका लॉनवर खाद्य आणि वाईन महोत्सव झाला. आयोजकांचं नाव घेत नाही, कारण तक्रार त्यांच्याबद्दल अर्धीच आहे. उरलेली अर्धी माझ्याबद्दल.

नुसतं प्रवेश तिकीट ४०० रुपये. टेस्टिंग पास १५०० रुपये. पासमध्ये प्रवेश, मनगटाला कागदी पट्टा, एक काचेचा ग्लास, ३० मिली वाईनची दहा कुपनं आणि खाण्यासाठी ३०० रुपयांची कुपनं. मी, बायको, साडू आणि मेव्हणी, चौघांचेही पास घेतले. दारातच ६००० गेले. साडूंनी तिथंच जाहीर केलं, "एक बी कुपन घरी न्यायचं नाही." सगळा घात त्या वाक्याने केला.

साडेचारला आत शिरलो. पहिली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन, बर्फातून काढलेली, बाटलीला घाम सुटलेला. छान होती. दुसरी, तिसरीही आठवते. चौथ्यानंतर मध्येच धपाटे आणि ठेचा खाल्ला आणि तोंड भाजत असतानाच शिराझ या लाल वाईनच्या स्टॉलवर गेलो. ती बाटली दुपारपासून उघड्या टेबलावर उन्हात उभी होती. हात लावला तर काच कोमट. घोट घेतला तर खोकल्याचं औषध. त्यानंतरच्या चार मला फक्त "लाल" म्हणून आठवतात. दहाव्या कुपनासाठी वीस मिनिटं रांगेत उभं राहिलो, आणि नंबर आला तेव्हा पोऱ्या म्हणाला, जी उरली आहे ती देतो.

घरी आल्यावर मोबाईल पाहिला. अकरा फोटो, सगळे ग्लास उंच धरलेल्या चौघांचे. एकाही बाटलीचं लेबल नाही. जी आवडली ती विकत घ्यायची कशी?

तर माझं मत असं: पासचे पैसे वसूल करायचे असतील तर दहापैकी पाच-सहाच कुपनं वापरावीत आणि बाकीची खुशाल फाडून टाकावीत. या आता सगळे अंगावर.

मोंढ्यातला

आलोच. लातूरच्या मोंढ्यात आयुष्य गेलं. पैसे देऊन घेतलेला माल फाडून टाका म्हणणाऱ्याला आमच्याकडं अडतीच्या गादीवर कुणी बसू देत नाही.

हिशोब करा. १५०० मधून प्रवेशाचे ४०० काढा, खाण्याचे ३०० काढा. राहिले ८००. ग्लासचे १५० धरा, राहिले ६५०. म्हणजे ३०० मिली वाईनला ६५० रुपये. एक घोट ६५ ला. आता ९०० रुपयांची बरी बाटली घेतली तर ७५० मिली येते. त्या भावाने ३०० मिलीचे होतात ३६०. तुम्ही उभ्यानं, उन्हात, रांगेत, २९० रुपये जास्त देऊन पिलात. आणि आता म्हणायलेत निम्मी टाकून द्या! पाचच पिलात तर घोट १३० ला पडला की हो.

माझं साधं म्हणणं. पास घेऊच नका. आणि घेतलाच तर शेवटच्या थेंबापर्यंत वसूल करा. मधला मार्ग तोट्याचा.

पैठणगेट

हिशोब बरोबर, पण तुम्ही बाटली एकच धरली. ३०० मिलीत मी दहा वेगवेगळ्या चाखू शकतो. दहा बाटल्या घरी आणायच्या तर ९००० लागतील. ते २९० रुपये निवडीचे आहेत. १४०० ची एक लाल मी लग्नाच्या वाढदिवसाला घेणार होतो, ती तिथं चाखली आणि नाद सोडला. पास तिथंच फिटला.

मोंढ्यातला

जी घेतलीच नाही तिचे पैसे वाचले म्हणता! मग मी काल मर्सिडीज घेतली नाही. कोटभर वाचले.

खुलताबादी

दोघंही चुकताय. दहाही कुपनं वापरावीत, पण दहाही प्यावीत असं कुणी सांगितलं? स्टॉलवर एक भांडं ठेवलेलं असतं, ते शोभेचं नाही. वास घ्यायचा, एक घोट तोंडात फिरवायचा, उरलेलं त्यात ओतायचं. हवं तर तोंडातलंही थुंकायचं. ज्यांचा धंदा चाखण्याचा आहे ते तसंच करतात, नाहीतर दुपारपर्यंत आडवे होतील.

क्रमही पाळायचा असतो. आधी फसफसणारी, मग कोरडी, म्हणजे गोड नसलेली पांढरी, मग गुलाबी, मग लाल, आणि गोड सगळ्यात शेवटी. गोडानंतर कोरडी घेतली की ती आंबट लागते, जसा गुलाबजामनंतर चहा फिका लागतो. लाल वाईन १६ ते १८ अंशांना बरी लागते. आपल्याकडे फेब्रुवारीच्या दुपारी सावलीतसुद्धा तेवढं थंड नसतं, मग उघड्या टेबलावर काय होणार? सरळ म्हणायचं, बाटली दहा मिनिटं बर्फात ठेवा, मी परत येतो. मी दरवेळी म्हणतो, आणि आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आणि ठेचा! अल्कोहोलने तिखट जास्त भाजतं, त्यात शिराझचा तुरटपणा. ठेच्याबरोबर किंचित गोडसर शेनिन घ्यायची, थंडगार. भज्यांबरोबर फसफसणारी. शिराझ नान खलियाच्या मटण रश्श्याबरोबर घेऊन पाहिली असती तर हा धागाच निघाला नसता.

मोंढ्यातला

६५ रुपयांचा घोट विकत घ्यायचा आणि थुंकायचा. बरं झालं आमचे वडील हे वाचायला नाहीत.

नांदेडची लेक

खलियावरून आठवलं. सांगतात की तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेला हलवली तेव्हा फौजेच्या भटारखान्यातून हा पदार्थ इथं आला. फौजेला तरी पोटभर मिळत असेल. त्याच महोत्सवात आम्हाला १८० रुपयांत दोन तुकडे आणि एक नान मिळाला. कुपनं ५० ची, सुटे देणार नाही असा बोर्ड. म्हणजे १८० च्या पदार्थाला २०० ची कुपनं, वरचे २० गेले. तीन स्टॉलवर असं झालं, ६० रुपये हवेत. मोंढ्यातल्या काकांनी हे धरलंच नाही. खाण्याची कुपनं देण्याआधी सगळ्या स्टॉलचे भाव बघून फिरायचं आणि ज्याचा भाव ५० च्या पटीत तेच घ्यायचं. इमरती १०० ला होती. मी इमरतीच खाल्ली.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच. गाडी कोण चालवणार? पैठणगेट, तुम्ही चौघंही पीत होतात. दहा कुपनांचे ३०० मिली, १३ टक्क्यांची वाईन धरली तर ३९ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचे ३० मिलीचे तीन पेग जवळपास तेवढेच भरतात. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. "नुसतं चाखलं" म्हणणारा माणूस त्या यंत्रात फुंकून दाखवू दे.

माझे मिस्टर घेत नाहीत. म्हणून आम्ही एक पास आणि एक साधं तिकीट घेतलं, १९०० मध्ये दोघं. वासासाठी एखादा ग्लास ते नाकाला लावत. तर पट्टा तपासणारा पोरगा म्हणतो, मॅडम शेअरिंग चालत नाही.

सिडको एन सात

बरोबरच म्हणाला. अनलिमिटेड थाळी एकाने घ्यायची आणि दोघांनी जेवायचं, हे कुठल्या हॉटेलात चालतं?

नांदेडची लेक

थाळी अमर्याद असते, म्हणून चालत नाही. इथं दहा घोट मोजून दिलेत. मी दहा पिले काय, मी सात आणि बहिणीने तीन काय, आयोजकाची बाटली तेवढीच रिकामी होते. त्याचा तोटा कुठं झाला सांगा.

सिडको एन सात

तोटा आयोजकाचा नाही हे मान्य. पण आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो. १९४९ च्या कायद्यापासून लागतो, लोकांना आठवत नाही एवढंच. एक दिवसाचा पाच रुपयांचा मिळतो, आणि तो माणसागणिक असतो, ग्लासागणिक नाही. बहिणीने तुमच्या ग्लासातून घेतली तर तिचा परवाना कुठं? त्या पोराला हे सगळं माहीत असेल असं मी म्हणत नाही. त्याला बहुतेक एवढंच सांगितलं असेल की पट्टा बघ.

नांदेडची लेक

पाच रुपयांचा मुद्दा पटला. मग बहिणीला पाच रुपयांचा परवाना द्या, १५०० चा पास कशाला गळ्यात मारता? आणि मिस्टर फक्त वास घेत होते. वासाला परवाना लागत असेल तर आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना लागेल.

कडवंची शिवार

मी जालना जिल्ह्यातला द्राक्षवाला. आमची खायची द्राक्षं: थॉमसन, माणिक चमन, सोनाका. वाईनची द्राक्षं वेगळी, बारीक, जाड सालीची, बियांची. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतून येतो. स्टॉलवरच्या पोऱ्याला मी मुद्दाम विचारलं, की बाबा ही तुरट का लागते? तो म्हणाला, "सर, प्रीमियम आहे."

ओतणाऱ्याला काही सांगता येत नसेल तर तुम्ही ६५ रुपये कशाचे देता? त्यापेक्षा नाशिककडे वायनरीतच जावं. जानेवारी ते मार्च तोडणीचा हंगाम, माल येताना दिसतो, टाक्या दिसतात, चार-सहा प्रकार बसून चाखायला मिळतात आणि बोलणारा माणूस समोर असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर तुम्हीच असता. मी एकदा तिथं पाऊण तास फक्त छाटणीवर बोलत बसलो होतो. वाईन ग्लासात गरम झाली, पण ते सोडा.

मोंढ्यातला

संभाजीनगर ते नाशिक जवळपास २०० किलोमीटर. जाऊन-येऊन ४००. डिझेल कुणाच्या खात्यात टाकू?

कडवंची शिवार

तपोवन एक्सप्रेसने जा. नाशिक रोडला उतरा. गाडी चालवायचा प्रश्नही सुटला, नांदेडच्या ताई खूश.

माळरान

चर्चा वाचून कीव येऊ लागली. २०१६ ला याच मराठवाड्यात, लातूरला, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात हायकोर्टाच्या खंडपीठाला दारूच्या कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला सांगावं लागलं. आणि इथं लोक वाईनचे मिली मोजायलेत. हे उत्सव आपल्याकडं हवेतच कशाला? जानेवारीत शेतात या, गूळभेंडी ज्वारीचा हुरडा आगटीतून काढून हातावर चोळून देतो, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. पट्टा नाही, कुपन नाही.

मोंढ्यातला

माळरानराव, २०१६ ला मी लातुरातच होतो. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा राहिलोय. मिली मोजायची सवय तिथूनच लागली.

आणि हुरड्याचं म्हणाल तर आजकाल हुरडा पार्टीचंही माणशी पॅकेज असतंय. ऊस वेगळा, बैलगाडीची चक्कर वेगळी. तुमच्या शेतात फुकट असेल तर पत्ता टाका, आम्ही चौदा जण आहोत.

माळरान

चौदांना नाही म्हणत नाही, पण आगटी पेटवायला गोवऱ्या तुम्ही आणायच्या.

खुलताबादी

पैठणगेट, मूळ मुद्द्यावर या. पाच-सहा कुपनं म्हणालात, पण कोणती पाच?

पैठणगेट

हो, तेच लिहायला आलो. पुढच्या वेळी असं करीन. चौघांत दोन पास, दोन तिकिटं, म्हणजे ६००० ऐवजी ३८००. तिकीटवाले दोघं गाडी आणि जेवण सांभाळतील. दारातून आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं ग्लास पिशवीतच. सगळ्या स्टॉलवरून एक चक्कर, कुठं बाटल्या बर्फात आहेत आणि कुठं उन्हात ते बघायचं. उन्हातल्या बाद. मग तीन पांढऱ्या, दोन लाल, प्रत्येकीच्या लेबलचा फोटो पिण्याच्या आधी. मध्ये ठेचा नाही, नुसती भाकरी आणि पाणी. सहावं कुपन जी सगळ्यात आवडली तिच्यासाठीच पुन्हा, कारण पहिल्यांदा आवडलेली दुसऱ्यांदाही आवडते का हे बघायचं असतं. उरलेली चार खुलताबादींसारखी ओतून टाकायची हिंमत माझ्यात नाही, म्हणून ती न वापरलेली बरी.

किती वाजता जायचं यावरून बायकोचं आणि माझं जमत नाही. ती म्हणते साडेसहानंतर जाऊ, ऊन उतरलेलं असतं. मी म्हणतो उघडताक्षणी जाऊ, रांग नसते आणि पोऱ्या अजून थकलेला नसतो. रांग आणि ऊन यात तिला ऊन जास्त लागतं, मला रांग.

शेनिन शोधून काढली, बरं का. लेबल नव्हतं, पण मेव्हणीला बाटलीवरचा हिरवा पक्षी आठवत होता. तीन दुकानं फिरलो. ८५० ला मिळाली. रविवारी धपाट्यांबरोबर उघडली, चौघांत दोन-दोन घोट जास्तच आले.

आणि साडू काल आले होते. पाकिटातून व्हिजिटिंग कार्ड काढताना मागून एक कुपन खाली पडलं. दहावं.

मोंढ्यातला

त्यांच्याकडून ६५ रुपये घ्या.