आत्याच्या पाठीतले धपाटे (तुमच्याही आठवणी लिहा)

निशिगंध
काल दादाच्या मुलीचं बारसं झालं. आत्या मीच, म्हणून कानात कुर्र करायला वाकले, तर वहिनीच्या बहिणींनी पाठीत असे दणके घातले की आज गॅलरीत कपडे वाळत घालतानाही ठणकतंय. आणि एकदम आमची आत्या आठवली. ती नुसतं खाऊन घेणारी नव्हती. वाकायच्या आधी पदर खोचायची, नाव सांगून झालं की गर्रकन वळून हाताशी येईल त्याला परतफेड. एका बारशाला फोटोग्राफरला बसला.

माझ्या बारशाला तर कहर केला. पंधरा दिवस खल करून नाव ठरलेलं, हिने कानात भलतंच सांगितलं, तेही मोठ्यांदा. आजी भडकली. आत्या म्हणे, "आयत्या वेळी हेच सुचलं. आता पोरीने ऐकलंय, काय करणार?" तेच राहिलं.

ती जाऊन सहा वर्षं झाली. आपापल्या आत्या, मावश्या, काकवांबद्दल लिहा ना.

खारीबटर
कोणतं नाव ते सांगा की.

निशिगंध
नाही सांगणार. ठरलेलं बरं होतं एवढंच सांगते.

मिनू७१
अगं माझ्या मामीबद्दल किती आहे! कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की येते.

लालबागचा
मावशीची खानावळ होती. खानावळ म्हणजे पाटीबिटी काही नाही, चाळीतली दहा बाय बाराची खोली, भिंतीला टेकून बसायचं. गिरणीतली चौदा माणसं महिन्याच्या बोलीवर जेवायची. पाळीप्रमाणे पंगत, त्यामुळे स्टोव्ह जवळजवळ विझायचाच नाही. पिन मारायचं काम माझ्याकडे, अजून रॉकेलच्या वासाने मला भूकच लागते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. महिना गेला, दोन गेले, कुणाकडे पैसे नाहीत. मावशीने मासे बंद केले, भात आणि आमटी चालू ठेवली. वहीत लिहीत गेली. अर्धी माणसं गावाला गेली ती परत आलीच नाहीत. पुढे पुष्कळ वर्षांनी एकजण साताऱ्याकडून आला, म्हणाला मावशी माझे साठ राहिलेत. हिने ट्रंकेतून वही काढली, बोट फिरवलं, आणि चार रुपये परत दिले. छप्पनच होते.

वही माझ्याकडे आहे. कसर लागलीये.

खारीबटर
चार रुपये परत दिले!! काय बाई असेल.

वैनगंगा
आमची मोठीआई, म्हणजे तुमच्याइकडची काकू. वर्ध्याला राहे. पुण्याची सून आणली घरात, दुसऱ्याच दिवशी तिला म्हणे, "बाजारातून थोडा सांबार घेऊन ये वं." ती बिचारी डबा घेऊन इडलीवाल्याकडे गेली अन् भरून आणलं. सगळे हसून हसून लोळले. मोठीआई हसली नाही. तेच सांबार सगळ्यांच्या भातावर वाढलं, म्हणे आज माझं वरणाचं काम वाचलं. सुनेला वेगळं बोलावून मंग सांगतलं. ती वहिनी अजूनही बाकी कोणाचं नाव काढत नाही, मोठीआईचंच काढते.

अनुराधा_डोंबिवली
थांबा, सांबार म्हणजे काय मग?

वैनगंगा
कोथिंबीर! सांबारवडी खाल्ली नाही का कधी?

खारीबटर
ती पुडाची वडी ना? नागपूरला एका लग्नात सहा खाल्ल्या होत्या, सोबत कढी. मुलीकडचे वळून वळून बघत होते.

वैनगंगा
सहा म्हणजे काहीच नाही जी.

एकपाऊस
सांगलीला होस्टेलवर असताना आत्याचं दर आठवड्याला आंतर्देशीय यायचं. आत काही घालू नये असं त्यावर छापलेलंच असतं, पण परीक्षा आली की ती चिमूटभर अंगारा घालायचीच. मी आपला गादीवर बसून फोडायचो, अंगारा चादरीवर. शिवाय कडेच्या समासात, घडीच्या पट्टीवर, जिथे जागा दिसेल तिथे लिहायची. पत्र फाडलं की शेवटची ओळ हमखास जायची. एकदा तर "तुला एक सांगायचं आहे ते असे की" इथेच फाटलं. सुट्टीत विचारलं तर तिलाही आठवेना. म्हणाली, महत्त्वाचं असतं तर वर लिहिलं असतं.

मिनू७१
आले. दोनच शिट्ट्या झाल्यात, गॅस संपत आला वाटतं. एकपाऊस, आमच्याकडेही अंगारा! पेपरच्या दिवशी मामी कपाळाला लावायची आणि उरलेला कंपासपेटीत.

साधाच
सगळ्यांच्या गोड आहेत. आमची आत्या फटकळ होती. राजापूर तालुक्यात घर. आजोबा गेल्यावर बाबांनी आणि काकांनी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिने वाचलंही नाही. म्हणाली, माझं काय, दरवर्षी मागीलदारच्या कापा फणसातला एक पाठवा म्हणजे झालं. पाच-सहा वर्षं एसटीने गोणपाटात बांधून पाठवला. मग कोण स्टँडवर जाणार, कोण कंडक्टरला विनवणार, राहून गेलं. तिने कधी विचारलं नाही. एरवी चहात साखर कमी पडली तरी बोलणारी बाई, यावर एक शब्द नाही. गेल्या वर्षी वारली. दहाव्याला मी फणस घेऊन गेलो. आतेभाऊ म्हणाला, ठेव तिकडे.

अनुराधा_डोंबिवली
हे वाचून काय लिहू कळेना.

मुद्देसूद
हक्कसोडीबद्दल एक. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्यांना तो लागू नव्हता. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट गेली. म्हणून त्यानंतर बहिणींच्या सह्यांची धावपळ आणखी वाढली.

खारीबटर
वकीलसाहेब, इथे आत्या आठवतोय आम्ही.

मुद्देसूद
माझ्याही आत्याची सही मीच घेतली होती. म्हणून माहीत आहे.

लालबागचा
साधाच, आतेभावाकडे यंदाही पाठवा फणस. घेतो न घेतो.

साधाच
बघतो. झाडाला यंदा धरलेत बरेच.

मिनू७१
मेलं, वरण खाली लागलं! आता मामीचं रात्री लिहिते. ती असती तर म्हणाली असती, लागलेलंच खा, वर तूप घाल.

खारीबटर
निशिगंध, निदान हे तरी सांगा, काल तुम्ही कानात कोणतं सांगितलंत? ठरलेलं का भलतं?

निशिगंध
ठरलेलंच हो. वाकताना एक भलतं सुचलं होतं खरं. पण वहिनीने जन्मदाखल्याचा अर्ज आधीच भरलाय.