फॅन्टसी फुटबॉल: किकऑफ आणि पंट रिटर्नच्या यार्डांना गुण द्यावेत का?

(लीगमधली चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चौथा डाऊन

आमच्या बारा संघांच्या फॅन्टसी लीगमध्ये (निम्मे न्यू जर्सीत, बाकीचे डॅलस आणि पुण्यात), जिथे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा आपापला संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मोजतात, ड्राफ्टच्या (खेळाडू निवडण्याच्या) आधी एका नियमावर मतदान घ्यायचं आहे. प्रस्ताव असा: किकऑफ रिटर्नच्या (हाफच्या सुरुवातीला किंवा स्कोअरनंतर मारलेली किक घेऊन परत धावण्याच्या) दर २५ यार्डांना १ गुण, पंट रिटर्नच्या (हल्ला अडल्यावर समोरच्याने चेंडू सोडताना मारलेली किक घेऊन धावण्याच्या) दर १० यार्डांना १ गुण. रिटर्न टचडाउनचे ६ गुण आत्ताही मिळतातच. माझं मत प्रस्तावाच्या बाजूने आहे.

पूर्वी या नियमाला विरोध होता तो समजण्यासारखा होता, कारण किकऑफ रिटर्न नावाचा प्रकार जवळजवळ संपलाच होता. २०११ मध्ये किकची जागा ३० वरून ३५ यार्डांवर आणली, २०१६ मध्ये टचबॅकचा (किक एंड झोनमध्ये, म्हणजे गोल लाइनच्या मागे गेल्यावर न धावता मिळणारा) चेंडू २५ वर दिला, २०२३ मध्ये २५ च्या आत फेअर कॅच (धावणार नाही असा इशारा देऊन झेल) घेतला तरी चेंडू २५ वर मिळायला लागला. त्या हंगामात पाचातला जेमतेम एक किकऑफ परत आणला गेला आणि सुपर बोलमध्ये चीफ्स-फोर्टीनायनर्स सामन्यातले तेराच्या तेरा किकऑफ टचबॅक झाले. ज्या खेळात चेंडू हातातच घेतला जात नाही, त्याला गुण कसले द्यायचे?

२०२४ पासून चित्र बदललं. आता किकर एकटा ३५ वर असतो आणि त्याचे दहा साथीदार थेट समोरच्या संघाच्या ४० वर उभे असतात. चेंडू गोल लाइन ते २० या पट्ट्यात पडला तर तो परत आणावाच लागतो, फेअर कॅचची सोय नाही. हवेतून एंड झोनमध्ये गेलेल्या चेंडूचा टचबॅक २०२४ मध्ये ३० वर होता, २०२५ मध्ये तो ३५ वर गेला. पाच यार्डांच्या या फरकाने किकर मुद्दाम पट्ट्यात चेंडू टाकू लागले आणि जवळपास चारातले तीन किकऑफ परत आणले जाऊ लागले. मैदानावर इतकं घडत असताना आपल्या गुणतक्त्यात त्याला शून्य किंमत असणं मला पटत नाही.

गोलरेषा

माझा विरोध आहे, आणि तो नेमका याच नव्या नियमामुळे आहे.

रिटर्नचे यार्ड मोजले जातात ते चेंडू हातात आला तिथपासून. एक किकऑफ डोळ्यासमोर आणा. चेंडू ८ यार्डांच्या रेषेवर टप्पा खातो, वेडावाकडा उसळतो आणि एंड झोनमध्ये दोन यार्ड आत जातो. पट्ट्यात टप्पा पडून आत गेलेला चेंडू तिथेच दाबला तर टचबॅक फक्त २० वर मिळतो. म्हणून रिटर्नर तो उचलून धावतो आणि २४ वर पाडला जातो. नोंद होते २६ यार्डांची. दुसऱ्या सामन्यात चेंडू सरळ १५ वर हातात येतो आणि रिटर्नर ३८ पर्यंत मजल मारतो. नोंद २३ यार्ड. पहिल्याने आपल्या संघाला टचबॅकच्या ३५ पेक्षा ११ यार्ड मागे ठेवलं, दुसऱ्याने पहिल्यापेक्षा १४ यार्ड पुढे नेलं. तुमच्या प्रस्तावात पहिल्याला जास्त गुण.

म्हणजे गुण रिटर्नरच्या धावेला कमी आणि किकरच्या निशाण्याला जास्त मिळतात. रनिंग बॅकचे (चेंडू घेऊन धावणाऱ्याचे) यार्ड चेंडू जिथे ठेवला तिथून मोजतात, त्यामुळे तिथे प्रत्येक यार्ड संघाच्या कामाचा असतो.

पंटप्रेमी

गोलरेषा, किकऑफपुरतं तुमचं गणित बरोबर आहे, पण "प्रत्येक यार्ड संघाच्या कामाचा" हे काही पटलं नाही. तिसऱ्या डाऊनला (प्रयत्नाला) १५ हवे असताना ८ यार्डांचा झेल संघाला पंट करायलाच लावतो, तरी रिसीव्हरला ०.८ गुण मिळतात. तीन टचडाउननी मागे असलेला क्वार्टरबॅक चौथ्या क्वार्टरमध्ये शंभर यार्ड फेकतो, तेही आपण मोजतो. यार्डांची उपयुक्तता फॅन्टसीत कुठेच तपासली जात नाही.

माझा मुद्दा पंटबद्दल आहे. तिथे निर्णय पूर्णपणे रिटर्नरचा असतो: फेअर कॅच घ्यायचा, धावायचं की सोडून द्यायचं. बहुतेक संघात त्याला १० च्या रेषेवर उभं करतात आणि डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूच्या मागे हटायचं नाही अशी ताकीद असते, कारण एंड झोनमध्ये गेला तर टचबॅक २० वर मिळतो. कव्हर करणारे गनर अंगावर येऊन ठेपलेले असतात. अशा अवस्थेत एका रिटर्नला साधारण ९-१० यार्ड निघतात. २५ यार्डांचा पंट रिटर्न ही मोठी कामगिरी आहे, २५ चा किकऑफ रिटर्न हा रोजचा. म्हणून दोघांचे दर वेगळे ठेवलेत ते योग्यच. माझं मत विचाराल तर फक्त पंटला गुण द्या, किकऑफला नकोतच.

लांब पल्ला

दराची चर्चा आकड्यांशिवाय करण्यात अर्थ नाही, म्हणून दोन हंगाम मांडतो.

डॅरेन स्प्रोल्स, २०११, सेंट्स. धावेचे ६०३, झेलाचे ७१०, पंट रिटर्नचे २९४, किकऑफ रिटर्नचे १०८९, एकूण २६९६ यार्ड, हा लीगचा विक्रम. १० यार्डांना १ असा सरसकट दर लावला तर फक्त रिटर्नचे १३८.३ गुण होतात, १६ सामन्यांत विभागले तर सामन्याला ८.६. आधीच ८६ झेल घेणाऱ्या खेळाडूला वर हे दिलं की त्या आठवड्यात ज्याच्याकडे स्प्रोल्स, तो जिंकला. वरच्या प्रस्तावाचे दर लावा: किकऑफचे ४३.६, पंटचे २९.४, मिळून ७३, म्हणजे सामन्याला साडेचार. हे अजूनही जड आहे.

कव्हॉन्टे टर्पिन, २०२४, काउबॉइज. २७ किकऑफ रिटर्न, ९०४ यार्ड, सरासरी ३३.५. दहाच्या दराने ९०.४ गुण, पंचवीसच्या दराने ३६.२. सतरा आठवड्यांत सामन्याला दोनच्या आसपास. हे मला रास्त वाटतं: बेंचवरचा चौथा-पाचवा रिसीव्हर फ्लेक्समध्ये (रनिंग बॅक किंवा रिसीव्हर कुणीही चालणाऱ्या जागेत) विचारात घ्यावासा वाटेल, पण पहिल्या फेरीचा खेळाडू त्याच्यामुळे मागे पडणार नाही.

त्यामुळे माझी सूचना: किकऑफला ४० ला १, पंटला १५ ला १. चारच रिटर्न मिळाले आणि प्रत्येकी २५ यार्ड झाले तरी २.५ गुण. २०२५ च्या नियमाने रिटर्नची संख्या वाढली आहे, त्यामुळे २०११ चे दर डोळे झाकून उचलू नका.

बेंचवरचा

दर काहीही ठरवा, आधी एक बघा: रिटर्नर तुमच्या लीगमध्ये घेता तरी येतो का?

कीशॉन निक्सन २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं किकऑफ रिटर्नर म्हणून ऑल-प्रो (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) संघात होता. तो पॅकर्सचा कॉर्नरबॅक, म्हणजे बचावातला खेळाडू. पेट्रियट्सचा मार्कस जोन्सही कॉर्नरबॅक, ज्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये जेट्सविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत ८४ यार्डांचा पंट परत आणून ३-३ चा सामना १०-३ ने जिंकून दिला. ज्या लीगमध्ये वैयक्तिक डिफेन्स खेळाडू नाहीत तिथे या दोघांना कुठल्याच जागेवर बसवता येत नाही. मग तेच काम रिसीव्हरने केलं तर गुण आणि कॉर्नरबॅकने केलं तर नाही. हा अन्याय खेळाडूवर नाही, लीगमधल्या लोकांवर आहे, कारण तीसएक रिटर्नरपैकी काही आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांची किंमत फुगते.

चौथा डाऊन

बेंचवरचा, मुद्दा महत्त्वाचा आहे. यावर उपाय म्हणून रिटर्नचे यार्ड खेळाडूऐवजी डिफेन्स-स्पेशल टीम्सच्या जागेला (जिथे एका खऱ्या संघाचा अख्खा बचाव आणि किकचं पथक मिळून निवडतात) दिले तर? मग कोणी धावला याला महत्त्व राहत नाही.

लांब पल्ला

ते तर मुळीच करू नका.

संघाला किकऑफ कधी मिळतो? समोरच्याने गुण केले की. अधिक एका हाफच्या सुरुवातीला. म्हणजे समोरच्याने सात वेळा स्कोअर केला तर साधारण आठ किकऑफ. प्रत्येकी २६ यार्ड धरले तर २०८ यार्ड, पंचवीसच्या दराने ८.३ गुण. याहूच्या फॅन्टसी ॲपच्या मूळ गुणतक्त्यात ३५ किंवा जास्त गुण दिल्याबद्दल डिफेन्सचे वजा ४ होतात. म्हणजे चाळीस-पन्नास गुणांनी चोप खाल्लेली डिफेन्स अधिक चार गुण घेऊन घरी येते. आणि ज्या डिफेन्सने समोरच्याला भोपळा फोडू दिला नाही तिला रिटर्नसाठी एखादाच किकऑफ मिळतो. डिफेन्सची जागा ज्यासाठी आहे त्याच्या बरोब्बर उलटं बक्षीस.

शिवाय खेळाडू आणि संघ दोघांनाही यार्ड देण्याची चूक काही लीग करतात. टचडाउनच्या बाबतीत ती दुहेरी मोजणी बऱ्याच ठिकाणी मूळ तक्त्यातच असते: टर्पिन आणि काउबॉइजची डिफेन्स दोन्ही एकाच्याच संघात असतील तर एका धावेला १२ गुण. त्यात यार्डांची भर नको.

गोलरेषा

लांब पल्ला, तुम्ही डिफेन्सबद्दल जे म्हणालात तेच वैयक्तिक रिटर्नरलाही लागू आहे. मार खाणाऱ्या संघाचा रिटर्नर जास्त किकऑफ पाहतो. आपण मंगळवारी वेव्हरवर (कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंत) रिटर्नर शोधणार ते त्याचं कसब बघून नाही, त्या आठवड्यात कुणाची डिफेन्स फुटणार हे बघून. पंटचं उलट आहे: समोरचा हल्ला अडला तरच पंट मिळतो, म्हणून तिथे चांगल्या संघाचा रिटर्नर फायद्यात राहतो.

आणि नव्या मांडणीत बहुतेक संघ मागे दोन रिटर्नर ठेवतात. किकर पाहिजे त्याच्याकडे चेंडू टाकतो. धोकादायक माणसाला टाळून दुसऱ्याकडे मारणं सोपं झालं आहे. तुम्ही ड्राफ्टमध्ये निवडलेला नावाजलेला रिटर्नर एखाद्या रविवारी एकदाही चेंडूला हात न लावता परतेल.

पंटप्रेमी

म्हणजे फिरून फिरून गाडी पंटवरच येते. किकऑफला शून्य, पंटला १० ला १. एक गोष्ट मात्र कोणी बोललं नाही: पंट हातातून निसटला आणि गमावला तर फंबलचे वजा २ आजही कापले जातात. जोखमीची शिक्षा आहे, पण १८ यार्डांच्या चांगल्या रिटर्नला काहीच नाही. हा असमतोल सगळ्यात आधी दुरुस्त व्हायला हवा.

बेंचवरचा

पंटप्रेमींना +१. आता सेटिंगबद्दल, कारण इथेच कमिशनर (लीग चालवणारे) अडकतात.

याहूमध्ये रिटर्न यार्ड हा एकच रकाना आहे, किकऑफ आणि पंट एकत्र. वेगळे दर हवे असतील तर तिथे जमणार नाही. स्लीपर आणि ईएसपीएन या ॲपवर दोन्ही वेगळे टाकता येतात. ईएसपीएनवर "दर २५ यार्ड" असा पर्याय निवडला तर पूर्ण टप्प्यांचेच गुण मिळतात: ४९ यार्डांना १, ५० ला २. सोमवारी रात्री एका यार्डावरून भांडण नको असेल तर एका यार्डाची किंमत दशांशात भरा. ४० ला १ म्हणजे ०.०२५, पंधराला १ म्हणजे ०.०६७, दहाला १ म्हणजे ०.१. स्लीपरमध्ये खेळाडूचे रिटर्न यार्ड आणि डिफेन्सचे रिटर्न यार्ड हे वेगवेगळे रकाने आहेत, दुसरा शून्यावर आहे ना हे तपासा.

नियमपत्रात दोन गोष्टी आधीच लिहून ठेवा. रिटर्नच्या वेळी पाठीमागून ब्लॉक केल्याचा दंड झाला तर यार्ड दंडाच्या जागेपर्यंतच मोजले जातात, टीव्हीवर ६० दिसले तरी खात्यात २० येऊ शकतात. आणि हुकलेल्या फील्ड गोलचा रिटर्न ना किकऑफमध्ये धरतात ना पंटमध्ये. २०२१ मध्ये जॅग्वार्सच्या जमाल ॲग्न्यूने कार्डिनल्सविरुद्ध असा चेंडू १०९ यार्ड परत आणला होता. टचडाउनचे ६ मिळतात, यार्डांचं काही नाही.

चौथा डाऊन

सुधारित प्रस्ताव टाकतो: पंटचे प्रति यार्ड ०.१, किकऑफचे ०.०२५, डिफेन्सला यार्ड शून्य, टचडाउन फक्त खेळाडूला. दोन्ही भाग वेगवेगळे मतदानाला ठेवतो. कॉर्नरबॅक रिटर्नरसाठी एक डिफेन्स खेळाडूची जागा ऐच्छिक म्हणून वाढवायची का, हा तिसरा प्रश्न.

गोलरेषा

पंटच्या भागाला माझं मत हो. किकऑफच्या भागाला अजूनही नाही. ३५ च्या पुढे आणलेले यार्ड वेगळे मोजणारा रकाना ज्या दिवशी ॲपमध्ये येईल त्या दिवशी किकऑफचा प्रस्ताव मीच मांडेन. आणि एक दुरुस्ती: टचडाउन फक्त खेळाडूला म्हणताय, तर मार्कस जोन्ससारख्याचं टचडाउन तुमच्या लीगमध्ये कुणाच्याच खात्यात जाणार नाही. तिसरा प्रश्न नामंजूर झाला तर रिटर्न टचडाउन डिफेन्सकडेही राहू द्या, तेवढी दुहेरी मोजणी मी सहन करेन.