केपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस: मेथॅनॉल घातल्यावर पीक सुटतात, पण नेमकं कशामुळे? मदत हवी आहे

संत्रासाल:
नमस्कार मंडळी. नागपुरात एमएस्सीचा प्रकल्प करते आहे. विषय आपल्याच संत्र्याचा: सालीच्या अर्कातली हेस्पेरिडिन आणि नारिरुटिन ही दोन फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतली संयुगं) केपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत व्होल्टेज लावून, वेगळी करून मोजायची आहेत. हेस्पेरिडिन पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून स्टँडर्ड आधी डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) घेते आणि मग बफरमध्ये पातळ करते. केपिलरी साधी फ्यूज्ड सिलिकाची, आतला व्यास ५० मायक्रोमीटर. बफर २० मिलिमोलर बोरॅक्स, पीएच ९.२ च्या आसपास. व्होल्टेज २० किलोव्होल्ट, डिटेक्शन २१४ नॅनोमीटरवर.

नुसत्या बफरमध्ये दोन्ही पीक (आलेखातली शिखरं) एकमेकांना चिकटून येतात, मधली खाच बेसलाइनपर्यंत उतरतच नाही. १५ टक्के मेथॅनॉल घातलं की छान सुटतात, पण रन लांबतो आणि करंट चांगलाच पडतो. तेवढंच अ‍ॅसिटोनायट्राइल घातलं तर रन तितका लांबत नाही, पण पीकही तितके सुटत नाहीत.

प्रबंधात "मेथॅनॉलमुळे पृथक्करण सुधारलं" एवढंच लिहून मला थांबायचं नाही. नुसता इलेक्ट्रोऑस्मोटिक प्रवाह (व्होल्टेजमुळे नळीतला सगळा द्रव वाहतो तो) मंदावला म्हणून हे झालं, की दोन रेणूंच्या चालीतच फरक पडला? हे कसं ओळखायचं? शिवाय दुपारनंतर पीकच्या वेळा सरकायला लागतात, त्याचंही काही सुचवा.

जुनाविश्लेषक:
ताई, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. उत्तर तुमच्याच इलेक्ट्रोफेरोग्राममध्ये (रनच्या आलेखात) आहे. डीएमएसओवर भार नसतो आणि २१४ वर ते दिसतं, म्हणजे प्रवाहाचा मार्कर तुमच्या नमुन्यात आयताच आहे. त्याच्या वेळेवरून प्रवाहाची मोबिलिटी (विद्युतक्षेत्राच्या प्रमाणात असलेली चाल) काढा आणि प्रत्येक पीकच्या मोबिलिटीतून ती वजा करा. उरते ती रेणूची स्वतःची. दोन्ही रेणूंच्या या मोबिलिटींचं गुणोत्तर मेथॅनॉलशिवाय आणि मेथॅनॉलसह तपासा. गुणोत्तर तेच राहिलं तर कमाल फक्त प्रवाहाची. बदललं तर सिलेक्टिव्हिटी, म्हणजे दोन रेणूंच्या चालीतला फरक, खरोखर बदलली.

माझा अंदाज, दोन्ही थोडंथोडं असेल. प्रवाहाचा वेग माध्यमाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर आणि झीटा पोटेन्शियलवर (केपिलरीच्या भिंतीलगतच्या विद्युत विभवावर) अवलंबून असतो, आणि व्हिस्कॉसिटी वाढली की घटतो. पाण्याचा स्थिरांक ७८ च्या घरात, मेथॅनॉलचा ३३. वर गंमत अशी की मेथॅनॉल आणि पाणी दोन्ही पातळ, पण त्यांचं मिश्रण दोघांपेक्षाही दाट होतं. साधारण ४० ते ५० टक्क्यांवर व्हिस्कॉसिटी सर्वांत जास्त असते. अ‍ॅसिटोनायट्राइलच्या मिश्रणात ही वाढ अगदी किरकोळ असते, म्हणून तिथे रन तेवढा लांबत नाही. तुमचे रेणू ऋणभारित, ते प्रवाहाच्या उलट ओढले जातात. प्रवाह मंदावला की त्यांना एकमेकांपासून दूर व्हायला वेळ मिळतो.

दुसरी बाजू रसायनाची. सेंद्रिय द्रावकात फिनॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित होतात तो) वर सरकतो, म्हणजे भार कमी होतो, आणि दोन्ही रेणूंवर हा परिणाम सारखाच होईल असं नाही. शर्करेशी होणारं बोरेटचं कॉम्प्लेक्सही बदलू शकतं. गुणोत्तर हलल्याचं दिसलं तर कारण इथे शोधा.

करंट पडला हे तुमच्या फायद्याचंच आहे. केपिलरीत उष्णता कमी तयार होते, तेव्हा व्होल्टेज वाढवून गेलेला वेळ भरून काढता येईल. आधी व्होल्टेज आणि करंटचा आलेख काढा. रेषा सरळ आहे तोवरच वर जा.

उन्हाळकर:
वेळा सरकण्याबद्दल: मे महिन्यात नागपूरच्या प्रयोगशाळेत दुपारी काय तापमान असतं ते सांगायला नको. एक अंश वाढला की मोबिलिटी साधारण २ टक्के वाढते. केपिलरी २५ अंशांवर ठेवणारं कूलिंग असलं तरी टोकं आणि व्हायल बाहेरच्या हवेतच राहतात. त्यात मेथॅनॉल उडून जातं आणि संध्याकाळपर्यंत १५ टक्के १५ उरत नाहीत. व्हायलचं झाकण घट्ट आहे का बघा आणि ठरावीक रननंतर दोन्ही बाजूंचा बफर एकदमच बदला.

संत्रासाल:
दोघांचेही मनापासून आभार. सकाळी थंड वेळेत ताज्या बफरवर ०, ५, १०, १५ आणि २० टक्के मेथॅनॉलचे रन घेते आणि गुणोत्तरांचा तक्ता इथेच टाकते. केपिलरी प्रत्येक टक्केवारीला नव्या मिश्रणाने किती वेळ धुवायची, तेवढं कोणी सांगाल का?

जुनाविश्लेषक:
घड्याळावर जाऊ नका. लागोपाठच्या रनमध्ये डीएमएसओची वेळ आणि करंट स्थिर झाले की केपिलरी तयार झाली समजा, त्याआधीचे रन तक्त्यात धरू नका.